जोर एकीकडे, दांडा दुसरीकडे

माझदा एमएक्स-५ या छोट्या उघड्या गाडीचं बोनेट उचललं की बऱ्याचदा एक चकचकीत आडवा दांडा दिसतो. डाव्या शॉकॉब्सरच्या वरच्या बैठकीपासून उजव्या बैठकीपर्यंत गेलेला, पॉलिश केलेला, त्यावर बनवणाऱ्याचं नाव ठसठशीत. मालक अभिमानाने सांगतो, चासी ताठ केली. आणि नेमका याच गाडीत हा दांडा जवळजवळ काहीही करत नाही.

एमएक्स-५ च्या चारही चाकांना दोन-दोन आर्म आहेत, एक वर, एक खाली. वळणावर चाकाला बाजूने जो रेटा बसतो तो या दोन आर्ममधून खालच्या सबफ्रेममध्ये उतरतो. शॉकॉब्सरच्या वरच्या बैठकीवर येतो तो मुख्यतः उभा भार. दोन बैठका एकमेकींकडे ओढणारा किंवा ढकलणारा आडवा जोर तिथे फारसा पोचतच नाही. जो जोर नाही तो दांड्याने रोखायचा कसा?

पोलो, स्विफ्ट, आय-२० यांची रचना निराळी. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे वरचा आर्म नाही, शॉकॉब्सरच चाकाला उभं धरतो. त्यामुळे बाजूच्या रेट्याचा काही भाग खरोखरच वरच्या बैठकीपर्यंत जातो. तिथे दांड्याला थोडं काम आहे. किती थोडं, ते पुढे येईलच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारची चासी ताठ करण्यावर पैसे घालावेत अशा जागा दोनच: गाडीला छप्पर नसेल तेव्हा, किंवा मूळ रचनेतच एखादा दुवा जोडायचा राहून गेलेला असेल तेव्हा. बाकी सगळ्यांनी ते पैसे टायरवर घालावेत. आणि या दोन जागांवरही मिळणारं सुख वेगाचं नसतं. गाडी थरथरायची थांबते, स्टिअरिंग स्वच्छ बोलायला लागतं. हे सुख छोटं नाही, पण कुणी त्याला वेग म्हणून विकत असेल तर तो खोटं बोलतोय.

ताठपणाच्या वेडामागे एक खरी गोष्ट आहे, ती आधी सांगायला हवी. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये दोन जपानी गाड्या पहिल्यांदाच लोकांसमोर आल्या. एक माझदाची एमएक्स-५. दुसरी होंडाची एनएस-एक्स, जी पुढे एनएसएक्स या नावाने विकली गेली. एक साध्या पोलादी पत्र्याची, बिनछपराची, मध्यमवर्गाच्या आवाक्यातली. दुसरी संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, पक्क्या छपराची, थेट फेरारीशी टक्कर घ्यायला निघालेली. त्याच सुमारास सुझुकाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाने होंडाचा नमुना चालवून पाहिला आणि गाडी जरा नाजूक वाटते असं सांगितलं. होंडाने गाडी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला नेली. चालवायची, कुठे वाकते ते शोधायचं, तिथे सुधारायचं, पुन्हा चालवायची, असे कित्येक महिने गेले. सांगाड्याचा ताठपणा सुमारे ५० टक्क्यांनी वाढला.

या गोष्टीतून लोक घेतात ते एवढंच, की ताठ म्हणजे चांगलं. पण ही तक्रार कुणी केली, कुठे केली? त्या काळातला जगातला सर्वांत वेगवान माणूस, फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर, टायरच्या पकडीच्या अगदी टोकाला. आणि होंडाने उत्तर काय दिलं? आधी मोजमाप, मग बदल. बाजारातून दांडा आणून मनोभावे बोल्ट आवळण्याशी या कामाचा संबंध नाही.

आता गणित. ते किचकट नाही आणि ते समजल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

वळणावर गाडी झुकते तेव्हा रस्ता आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये स्प्रिंगा एकापुढे एक जोडलेल्या असतात. टायरची भिंत ही एक स्प्रिंग. आर्ममधले रबरी बुश ही दुसरी. खरी पोलादी स्प्रिंग आणि अँटीरोल बार मिळून तिसरी. आणि चासी, जी पिळली जाते, ती चौथी. अशा ओळीने जोडलेल्या स्प्रिंगांमध्ये सर्वांत मऊ जी असेल तिचंच राज्य चालतं.

समजा, झुकण्याला सस्पेन्शनचा विरोध एका अंशाला ५०० न्यूटन-मीटर आहे आणि चासीला एक अंश पिळायला ५,००० न्यूटन-मीटर लागतात. आकडे सोयीसाठी घेतलेत, पण रस्त्यावरच्या मऊ गाडीचं प्रमाण काहीसं असंच असतं. दोन्ही मिळून एकत्रित आकडा येतो सुमारे ४५५. आता तुम्ही खर्च केलात, दांडे लावलेत, पट्ट्या लावल्यात आणि चासी ६,००० वर नेलीत. वीस टक्के वाढ, जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापण्यासारखी. एकत्रित आकडा होतो ४६२. म्हणजे दीड टक्का. हा दीड टक्का सिग्नलवर, फ्लायओव्हरवर, ताम्हिणीच्या वळणावर कुणालाही जाणवणार नाही.

हीच चासी रेसच्या गाडीत घ्या, जिथे सस्पेन्शनच ३,००० चं आहे. आधी एकत्रित १,८७५, नंतर २,०००. जवळपास सात टक्के फरक. शिवाय रेसच्या मेकॅनिकला पुढचा अँटीरोल बार एक भोक पुढे सरकवून गाडीचा तोल बदलायचा असतो. चासी मऊ असेल तर तो बदल चासीच गिळून टाकते, दुसऱ्या टोकाला पोचू देत नाही. म्हणून रेसिंगमध्ये ताठपणावर जीव टाकतात आणि ते बरोबर आहे. त्यांच्या स्प्रिंगा कडक आहेत, त्यांचे टायर चिकट आहेत, त्यांच्या बुशांत रबर नाही. साखळीतली बाकीची प्रत्येक कडी त्यांनी आधीच घट्ट केलेली असते, मग चासीची पाळी येते. रस्त्यावरचा माणूस शेवटच्या कडीपासून सुरुवात करतो.

आणि ताठपणाचा आकडा म्हणजे गाडीची गुणपत्रिका, हा समजही सोडावा. २०११ च्या लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरचा कार्बन सांगाडा एका अंशाला ३५,००० न्यूटन-मीटर सांगतो. १९९६ च्या लोटस एलिसचा, अ‍ॅल्युमिनियमचे साचेबद्ध पट्टे डिंकाने चिकटवून केलेला, फक्त ६८ किलो वजनाचा सांगाडा सुमारे १०,००० सांगतो. तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तरी हातात घेतल्यावर जिवंत वाटणाऱ्या गाड्यांची कुठलीही यादी करा, एलिस त्यात वर असते. वजन कमी, म्हणून जोर कमी, म्हणून ताठपणाची गरजही कमी.

एलिसमध्ये शिरताना मात्र कमरेतून दुमडावं लागतं, कारण दाराखालचे उंबरे भयंकर उंच आहेत. ती उंची शोभेसाठी नाही. पातळ भिंतीच्या गोल नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी तीच ठेवली तर तिचा पिळण्याला विरोध आठपट होतो. व्यास तोच ठेवून जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. ताठपणा येतो तो आकारातून, पोकळीच्या मापातून, वजनातून नव्हे. आणि नळी बंद असली पाहिजे. लांबीच्या बाजूने एक चीर पाडली की तीच नळी पिळायला एकदम सोपी होते.

छप्पर कापलेल्या गाडीचं दुःख इथेच आहे. बंद गाडीत छप्पर, खांब, जमीन आणि काचेची चौकट मिळून एक मोठी बंद पोकळी होते. छप्पर काढलं की ती पोकळी उघडी पडते आणि सगळा भार दाराखालच्या दोन उंबऱ्यांवर आणि मधल्या बोगद्यावर येतो. खड्ड्यात एक चाक गेलं की काचेची चौकट एकीकडे, स्टिअरिंगचा खांब दुसरीकडे हलतो. आरसा धूसर होतो, डॅशबोर्ड थरथरतो, दाराची कडी कुरकुरते. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये, १९८९ ते १९९७ या काळातल्या, हे सगळं आहे. माझदाला ते माहीत होतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना सरळ जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट त्यांनी पहिल्यापासून दिली. तिच्यामुळे गिअर टाकताना, अ‍ॅक्सलरेटर सोडताना मागचा भाग डुचमळत नाही, या गाडीच्या गोडव्याचं ते एक मोठं कारण. पण ती इंजिनाच्या ओढीसाठी आहे, शरीराच्या पिळासाठी नाही.

मग १९९४ च्या मॉडेलला १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा माझदाने सीटबेल्टच्या दोन बैठकांमध्ये आडवा दांडा टाकला आणि पुढच्या-मागच्या सबफ्रेमनाही जोड दिले. कारण होतं बाजूने होणाऱ्या धडकेचे नवे नियम. गाडी ९४० किलोंवरून ९९० किलोंपर्यंत गेली. कंपनीने स्वतः, हातात सगळी मोजमापं असताना, वजनाची किंमत मोजून कुठे लोखंड घातलं ते पाहा. सीटच्या मागे आणि गाडीच्या पोटाखाली.

म्हणून या गाडीत पैसे घालायचेच असतील तर खाली बघा. जमिनीच्या पत्र्याखाली पुढून मागे जाणाऱ्या दोन पातळ रेल आहेत. पत्रा इतका पातळ, की चुकीच्या जागी जॅक लावणाऱ्या प्रत्येक गॅरेजने त्या थोड्या-थोड्या चेपत नेलेल्या असतात. तीस वर्षांच्या बहुतेक गाड्यांत त्या सपाट झालेल्या सापडतात. चेपलेली रेल म्हणजे मोडलेली पोकळी, म्हणजे गेलेला ताठपणा. त्यांच्यावर जाड पत्र्याची पन्हळीसारखी नाळ बसवून ती जमिनीच्या पत्र्याला घट्ट जोडायची, हा या गाडीवरचा खराखुरा उपयोगी बदल. शक्य असेल तर दोन्ही रेल मध्ये तिरक्या पट्ट्यांनी बांधायच्या. सुतार दाराची नवी चौकट भिंतीत बसवेपर्यंत तिच्यावर एक तिरकी पट्टी ठोकून ठेवतो, ती काटकोनात राहावी म्हणून. इथलं तत्त्व तेच. तिरकी पट्टी ताणाने आणि दाबाने काम करते, आणि त्या दोन्हींत पोलाद सहजासहजी हार मानत नाही.

याच कसोटीवर बोनेटखालचे दांडे तपासा. इंजिन आडवं येतं म्हणून कमान करून वर वळवलेला दांडा धनुष्यासारखा वाकतो. दोन्ही टोकांना एकेका बोल्टवर फिरणारा दांडा पिळाला काडीचाही विरोध करत नाही, फक्त दोन बैठकांमधलं अंतर राखतो. तिसरं टोक मागच्या भिंतीला बांधलेलं असेल तर त्रिकोण होतो आणि मग गोष्ट गंभीर होते.

फोर्डने हे साठच्या दशकात करून दाखवलंय. १९६४ ला आलेल्या मस्टँगमध्ये शॉकॉब्सरच्या बैठका आणि इंजिनामागची भिंत यांच्यात दोन सुटे पत्र्याचे जोड होते. अमेरिकेबाहेरच्या खडबडीत रस्त्यांसाठी पाठवायच्या गाड्यांत त्याऐवजी एकच अखंड, मजबूत जोड टाकत. अजूनही त्याला निर्यातीवरूनच नाव आहे, एक्सपोर्ट ब्रेस. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० ला तो लावला आणि वर बैठकांमधला आडवा दांडाही दिला. मस्टँगच्या स्प्रिंगा त्या बैठकांवर, इंजिनाच्या अगदी बगलेत उंच बसवलेल्या. भार तिथेच येत होता, म्हणून लोखंडही तिथेच गेलं.

त्याच मस्टँगची १९७९ ते १९९३ मधली पिढी माझ्या दुसऱ्या जागेचं उत्तम उदाहरण. पुढची चौकट पुढे संपते, मागची मागे सुरू होते, आणि मधे फक्त जमिनीचा पत्रा. व्ही-८ इंजिनाच्या जोरापुढे तो पत्रा किती टिकणार? दोन्ही चौकटी जोडणारे पोलादी दुवे खालून वेल्ड करणं हा त्या गाडीवरचा पहिला शहाणा खर्च मानतात, आणि मला ते पूर्ण पटतं. रचनेत दुवाच राहून गेला होता, तो भरला. मात्र वेल्डिंगच करावं. बोल्टने लावलेला दुवा भोकाभोवतीचा पातळ पत्रा हळूहळू सैल करतो आणि दोन पावसाळ्यांत खडखडू लागतो.

बंद छपराच्या आजच्या गाडीला यातलं काय लागू होतं? जवळजवळ काहीच नाही. टोयोटा आणि सुबारू यांची २०१२ ची ८६ आणि बीआरझेड ही जोडी पाहा. पुढच्या पिढीत सुबारूने बीआरझेडचा पिळाविरुद्धचा ताठपणा सुमारे ५० टक्क्यांनी वाढवल्याचं जाहीर केलं. अशी वाढ मुळातल्या पत्र्यांच्या जुळणीतून, सांध्यांतून आणि चिकटवणाऱ्या रसायनांतून साधते. शोरूममधून बाहेर पडल्यावर दहा बोल्टांनी ती मिळत नाही. आणि पहिल्या पिढीवरही रस्त्यावर कुणाची सस्पेन्शनची सेटिंग चासीमुळे वाया जात होती असं नाही.

आपल्याकडे ही जोडी नाही, एमएक्स-५ही नाही. आपल्या रस्त्यांवर पोलो जीटी आहे, स्विफ्ट आहे, आणि पुण्या-मुंबईतली तरुण मुलं आहेत, जी पगारातून साठवून पहिला दांडा विकत घेतात. मुंबईत सीपी टँकला तो आयता मिळेल, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही कारागीर माप घेऊन अर्ध्या किमतीत, बहुधा जास्त चांगला, बनवून देईल. या मुलांची मला काळजी वाटते, कारण गाडीवर प्रेम करणारी पिढी तीच आहे. त्या हॅचबॅकमध्ये दोन्ही बैठका काचेखालच्या पत्र्याच्या पेटीने आणि इंजिनामागच्या भिंतीने आधीच बांधलेल्या असतात. दांडा त्या बांधणीत थोडी भर घालतो, इतकंच. लावल्यावर स्टिअरिंग तिखट वाटतं, पण खरं तर ते बरंचसं खर्च केल्याच्या आनंदातलं असतं.

खात्री करायची तर दोन उपाय सांगतो. एक, दोन नळ्या एकात एक सरकणाऱ्या घ्या, दोन्ही बैठकांमध्ये सैल बसवा, सरकणाऱ्या जागी एक रबरी कडं घाला आणि घाटात फेरी मारून या. कडं किती सरकलं तेवढं बैठकांमधलं अंतर बदललं. एखाद्या मिलिमीटरच्या अंशाएवढं सरकलं असेल तर दांडा विकत घेण्याचं कारण संपलं. दुसरा उपाय अधिक कठोर. दांडा लावल्यावर मित्राला सांगा, मला न कळू देता कधी काढून टाक, कधी ठेव. बोनेट उघडायचं नाही. चालवून सांगायचं, आज आहे की नाही.

उघड्या गाडीवर हाच प्रयोग रेलच्या नाळेवर केला तर उत्तर बरोबर येईल. आरसाच सांगेल.

आणखी एक जागा आहे जिथे चासीचं मऊपण मुद्दाम ठेवतात, आणि ताठपणाचे भक्त ती कधी सांगत नाहीत. कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर जाऊन एखादी कार्ट खालून बघा. सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही. मागचा एक्सल म्हणजे एक अखंड नळी, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. वळणावर आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं नाही तर कार्ट वळायलाच तयार होत नाही. ते चाक उचलण्यात स्टिअरिंगच्या भूमितीला साथ देते ती चासीच, थोडीशी पिळून. तिथला मेकॅनिक ट्रॅकची पकड बघून आडवा बार काढतो, घालतो, बंपरचे बोल्ट ढिले-घट्ट करतो. चासी त्याच्यासाठी स्प्रिंग आहे आणि त्या स्प्रिंगला तो मान देतो.

आता आपले रस्ते. लोक विचारतात, खड्डे इतके, मग चासीला आधार नको का? गाडीच्या शरीराला सर्वांत जास्त पीळ कधी बसतो, ठाऊक आहे? वेगात वळताना नाही. कमी उंचीच्या गाडीचं पोट घासू नये म्हणून आपण स्पीडब्रेकर तिरका घेतो तेव्हा. एक चाक वर, तिरपं समोरचं चाक हवेत लोंबकळतंय, आणि वेग ताशी पाच किलोमीटर. सोसायटीच्या गेटवर रोज दोनदा. त्या क्षणी हाताळणीचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो दाराच्या रबराचा, काचेच्या कडेचा, कुरकुरीचा. बंद गाडी तो पीळ वर्षानुवर्षं मुकाट्याने सोसते. उघड्या गाडीला मदत लागते, म्हणून पोर्शपासून मिनीपर्यंत कुठलीही उघडी गाडी इथे कुणी चालवत असेल तर त्याने आधी दारांच्या फटी बघाव्यात. जॅकच्या ठरलेल्या जागेवर पुढचं एक चाक उचला, गाडीखाली कुणी नसताना, आणि दार उघडून परत लावून पाहा. सहज लागलं तर चासीला दुखणं नाही. कडी अडली, वरची फट आवळली, तर विषय आहे.

आणि पोटाखाली लावलेल्या पट्ट्या जमिनीपासूनचं अंतर खातात. इंग्लंड-अमेरिकेत तो दुय्यम मुद्दा असेल. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या, कुणीही न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवर तीच पट्टी पहिली आपटते आणि धक्का थेट जमिनीच्या पत्र्यात शिरतो. मजबुतीसाठी लावलेल्या लोखंडानेच चेपलेली जमीन, याहून वाईट सौदा नाही.

थरथर हीच तक्रार असेल तर यामाहाने दाखवलेला रस्ता मला जास्त सुज्ञ वाटतो. त्यांनी चासीच्या दोन टोकांमध्ये दांड्याऐवजी डॅम्पर टाकला, आणि २००१ पासून तो टोयोटाच्या निवडक गाड्यांत येऊ लागला. विचार असा, की पोलादी शरीर थोडं वाकणारच, पण ते स्प्रिंगसारखं परत उसळतं आणि त्या उसळीला आवर घालणारं काही नसतं. डॅम्पर वाकणं थांबवत नाही, उसळी शमवतो.

मग पैसे कुठे घालायचे? टायर, आणि पुन्हा टायर. पाच-सहा वर्षांचे, कडक झालेले टायर घालून चासीबद्दल बोलणारा माणूस पाहिला की मला खरंच वाईट वाटतं. त्यानंतर बुश. वीस-तीस वर्षांच्या गाडीतलं रबर वाळून तडकलेलं असतं. नवे, कंपनीच्याच कडकपणाचे बुश घातले की मालक म्हणतो, गाडीची चासी कुणीतरी बदलली. चासी तीच असते, तिला धरणारे सांधे जिवंत झालेले असतात. मग शॉकॉब्सर, मग नीट केलेलं अलाइनमेंट, कागदावर चारही चाकांचे आकडे छापून देणारं.

गंज तर सर्वांत आधी तपासायला हवा. एमएक्स-५ चे मागच्या चाकांपुढचे उंबरे आतून कुजतात, पाणी वाहून जायची भोकं कचऱ्याने बुजतात म्हणून. थंड देशात रस्त्यावर मीठ टाकतात, आपल्याकडे अलिबाग-रत्नागिरीची खारी हवा तेच काम करते. उंबरा हा उघड्या गाडीचा कणा. तो स्क्रूड्रायव्हरने टोचून बघण्याआधी कुठलीही पट्टी विकत घेणं म्हणजे कुजलेल्या वाशाला नवा खिळा मारणं. काही जण उंबऱ्याच्या पोकळीत फोम भरतात. ताठपणा थोडा वाढतो, हे खरं. पण पाण्याची वाट बंद होते, आणि आत काय चाललंय ते पुन्हा कधीच दिसत नाही. आपल्या चार महिन्यांच्या पावसात तर मुळीच करू नये.

रोल बार हा वेगळा मुद्दा आहे आणि त्यात तडजोड नको. उघड्या गाडीत सीटमागे चांगला, जमिनीला चार-सहा ठिकाणी पक्का बांधलेला रोल बार घाला. त्याने मागचा भाग थोडा ताठ होतो, पण तो घालायचा डोकं वाचवण्यासाठी. त्याची उंची डोक्याहून वर हवी, आणि डोकं पोचेल तिथे दाट पॅडिंग हवं. मात्र पूर्ण पिंजरा, समोरच्या काचेपर्यंत आणि छपरालगत नळ्या नेणारा, रस्त्याच्या गाडीत घालू नका. त्या नळ्या हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी असतात. उघडं डोकं साध्या धडकेतही त्यांच्यावर आपटलं तर ज्या अपघातातून माणूस चालत बाहेर आला असता त्यातून तो बाहेर येत नाही. आपल्या कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाला धक्का लावणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. बोल्टने लागणारा आणि निघणारा दांडा एक, सांगाडा कापून वेल्ड करणं दुसरं.

विकणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. खोक्यावर दोन आकडे छापा: या वस्तूचं वजन, आणि ही लावल्यावर अमुक गाडीचा ताठपणा किती न्यूटन-मीटरवरून किती झाला, कुठे आणि कसा मोजला. मागचा एक्सल जखडून पुढच्या टोकाला एका बाजूने ठरावीक वजन लटकवायचं आणि डायल गेजच्या आकड्यावरून कोन काढायचा, एवढंच ते मोजमाप आहे. पुण्याच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं ते एका दुपारी करून देतील, आणि त्यांना त्यातून शिकायलाही मिळेल.